चार अल्बम आणि एक 'वखत'

दिवाळीच्या सुट्टीत पेपर तपासून झाले की माझा लाल पेन रिकामा बसत नाही. २०२२ मध्ये त्याला लेकीनं काम दिलं. ती त्या वर्षी अकरावीला गेली. दहावीपर्यंत उर्दू होतं, अकरावीत दुसऱ्या भाषेऐवजी 'माहिती तंत्रज्ञान' घेता येतं, ते तिनं घेतलं. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, पण घरातच माझी एक विद्यार्थिनी कमी झाली. मी काही बोलले नाही, फक्त तीन दिवस भाजीत मीठ जास्त पडत होतं.

एका दुपारी कानातलं यंत्र काढून तिनं विचारलं, "अम्मी, सियाह म्हणजे काळा ना? मग निळ्या शाईलाही सियाही का म्हणतात?"

मी सांगितलं की शाई पूर्वी काळीच असायची, म्हणून ती सियाही. त्याच शब्दाचं मराठीत 'शाई' झालं. आणि विचारलं, तुला हा शब्द कुठे भेटला? तर म्हणाली, अल्बमचं नाव आहे.

मग तिनं २०२२ मधले तोपर्यंतचे तिच्या आवडीचे चार अल्बम दाखवले. सिनेमासाठी न केलेले, गाणाऱ्यांनी स्वतःच लिहिलेले. इंडी म्हणतात त्याला. नावं वाचून मी चाट पडले. 'इन्सान', 'नायाब', 'शख्सियत', 'सियाह'. चारही शब्द माझ्या वर्गातले! जी भाषा मुलं 'काय उपयोग' म्हणून सोडतात, तिच्यातूनच ही तरुण पोरं आपल्या पाट्या रंगवतात. (त्याच वर्षी एप्रिलमध्ये अरूज आफताबला ग्रॅमी मिळालं, तेही हफीज होशियारपुरींच्या गझलेसाठी. पण तो अल्बम २०२१ चा, म्हणून यादीबाहेर.)

आमच्या घरी अब्बांच्या काळी रेडिओवर कव्वाली आणि गझल चालायची, गिटार वाजली की बटण बंद. त्यामुळे मी पन्नाशीकडे झुकताना पहिल्यांदाच असे अल्बम सलग ऐकले. ठरलं असं की दोघींनी वीसपैकी गुण द्यायचे. उच्चाराला पाच, शब्दांना पाच, आशयाला पाच, चालीला पाच.

चौथा क्रमांक 'इन्सान', गुण आठ. हा पुण्याच्या ताडीवाला रोडच्या एमसी स्टॅनचा. खरं नाव अल्ताफ. २०२२ मध्ये तो बिग बॉसच्या घरात होता, त्यामुळे तुम्हालाही माहीत असेल. आवाजावर यंत्राची कल्हई, ओळीओळीला शिवी. 'इन्सान' या शब्दाचं मूळ अरबीचे जाणकार दोन ठिकाणी शोधतात. एक 'उन्स', म्हणजे माया, दुसरं 'निसयान', म्हणजे विसरणं. एवढा खोल शब्द घेऊन हा मुलगा दागिने आणि दुश्मन यांतच अडकतो, असं मला वाटलं. उच्चाराला एक, शब्दांना एक. आशय आणि चालीला तीन-तीन दिले, कारण वस्तीतल्या मुलाचा राग खोटा वाटत नाही.

तिसरा 'शख्सियत', गुण तेरा. 'द लोकल ट्रेन' या बँडचा गायक रमण नेगी बाहेर पडला आणि त्यानं हा स्वतंत्र अल्बम केला. बँडच्या २०१८ च्या अल्बमचं नाव 'वाकिफ' होतं, म्हणजे उर्दूची ओढ जुनीच. गळा मोकळा, गिटार खणखणीत. शब्द सुंदर आहेत, पण कधी कधी शोकेसमधल्या कपबशीसारखे वाटतात, रोजचा चहा त्यातून कुणी पीत नाही.

दुसरा 'नायाब', गुण चौदा. दिल्लीच्या 'सीधे मौत' या जोडीचा, संगीत सेझ ऑन द बीटचं. २०१८ मध्ये याच तिघांचा 'बयान' आला होता. ना अधिक याब, म्हणजे जे मिळत नाही ते. कामयाब, दस्तयाब यांतला 'याब' हाच. शिव्या इथेही आहेत, पण मधे मधे ही पोरं थांबतात, श्वास घेतात, स्वतःवर शंका घेतात. शंका घेणाऱ्या विद्यार्थ्याला मी नेहमी दोन गुण जास्त देते.

पहिला 'सियाह', गुण सतरा. 'अलिफ' या बँडचा. गाणारा मोहम्मद मुनीम काश्मीरचा, बँड पुण्यात उभा राहिलेला. २०१७ मध्ये त्यांचा 'सुफेद' आला होता, त्यानंतर हा 'सियाह'. आधी कागद, मग शाई. ते काश्मिरीत गातात आणि उर्दूतही. काश्मिरीची लिपी मला वाचता येते, अर्थ कळत नाही. दाराशी उभं राहून आतलं रडणं ऐकावं, तसं झालं. न कळूनही डोळे भरले, त्याचे पूर्ण पाच.

मी वही बंद केली. लेकीची वही उघडी होती. तिच्या यादीत 'इन्सान' पहिला होता.

"उच्चाराला एक कसा दिलास, अम्मी? तो चुकीचं कुठे बोलतो? तो वस्तीचं बोलतो. मोमिनपुऱ्यातले मामू असंच बोलतात. त्याच्या आधीच्या अल्बमचं नाव काय होतं माहितीय? 'तडीपार'. तुझ्या मराठीतला शब्द आहे ना तो?"

आहे. १९५१ च्या पोलीस कायद्यात ५५ ते ५७ या कलमांखाली माणसाला जिल्ह्याबाहेर घालवतात, त्याला आपण तडीपार म्हणतो. हा शब्द, झालंच तर 'शेमडी', त्यानं मराठी न येणाऱ्या मुलांच्या तोंडी बसवला. एवढी मराठी मी वीस वर्षांत कुणाला शिकवली असेल, शंकाच आहे.

पण मला आठवला तो दुसराच मुलगा. दहाएक वर्षं झाली. नववीचा वर्ग, तिसरा तास, उर्दू. तो धडा वाचत होता आणि 'वक्त'ला 'वखत' म्हणाला. मी थांबवलं. परत 'वखत'. मी तिसऱ्यांदा म्हणायला लावलं, वर्ग हसला, मीही थोडी हसले. शीन-काफ दुरुस्त हवं, हे माझं ब्रीद. त्याच दिवशी पाचव्या तासाला, त्याच वर्गात, मराठीच्या धड्यात एका म्हाताऱ्याच्या तोंडी 'वखत' शब्द आला. मी फळ्यावर लिहिला, खाली रेघ मारली आणि सांगितलं, बघा, बोलीचा गोडवा कसा असतो.

तो मुलगा माझ्याकडे बघत होता. त्यानंतर त्यानं वाचायला कधी हात वर केला नाही. तिसऱ्या तासाला चूक आणि पाचव्या तासाला गोडवा, एकच शब्द. हे मला तेव्हा कळलं नाही. लेक माझी वही उलटीकडून वाचत होती, तेव्हा कळलं.

म्हणून मी 'इन्सान' पहिला केला, असं समजू नका. शिव्या मला आजही टोचतात, आणि बायकांबद्दल तो ज्या तऱ्हेनं बोलतो ते मी लेकीला स्पष्ट सांगितलं. तिनंही ते मान्य केलं. पण उच्चाराचा एक खोडून पाच केले. बेरीज बारा झाली. क्रमांक चौथाच राहिला, पण नापास नाही.

रात्री वही पाहिली, तर तिनं चारही नावं उर्दूत लिहून ठेवली होती. माहिती तंत्रज्ञानवाल्या मुलीनं! 'शख्सियत'मध्ये स्वादऐवजी सीन घातला होता. मी लाल पेन उचललं आणि दुरुस्त केलं, ते करायलाच हवं. गुण कापले नाहीत.