पहिली कोण येणार?

मुलांनो, सायकलची शर्यत म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? गुळगुळीत डांबरी रस्ता आणि वाऱ्यासारख्या पळणाऱ्या सायकली. पण मी आज जिच्याबद्दल सांगणार आहे ती शर्यत भरते ऐन थंडीत, आणि तीही चिखलात! तिचं नाव सायक्लोक्रॉस.

अडीच ते साडेतीन किलोमीटरचा एक वेडावाकडा फेरा असतो. त्यात गवत, वाळू, चिखल, चढ-उतार, कधी पायऱ्यासुद्धा. मध्येच फूटभरापेक्षा थोड्या उंच अशा आडव्या फळ्या लावलेल्या. सायकल चालेल तिथे चालवायची, नाही तिथे टुणकन उतरायचं, ती खांद्यावर टाकायची आणि पळत सुटायचं. पुन्हा उडी मारून बसायचं. असे फेरे पाऊण-एक तास! आता ओढ्याला पाणी आलं की सायकल खांद्यावर घेऊन शाळेत येणारी मुलं म्हणतील, "बाई, यात काय नवल? हे तर आम्ही पावसाळ्यात रोज करतो." खरंच आहे. फक्त तिकडे त्याबद्दल बक्षीस मिळतं!

फ्रान्समध्ये १९०२ साली या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. आता बेल्जियम, नेदरलँड्स, अमेरिका अशा कितीतरी देशांत ती दरवर्षी होते. स्पर्धा जवळ आली की तिथल्या शौकिनांचा एक आवडता उद्योग सुरू होतो. यंदा पहिलं कोण येणार, याचा अंदाज बांधायचा.

अंदाज म्हणजे पोपटाने चिठ्ठी काढणं नव्हे बरं का! त्याला कारणं लागतात. या हंगामात कोण कितव्या नंबरवर आलं? मैदान वाळूचं आहे की चिकणमातीचं? पाऊस पडणार का? पळण्यात कोण तरबेज आणि उड्या मारण्यात कोण? सुरुवातीला पहिल्या रांगेत कोण उभं राहणार? कारण पुढे वाट अरुंद होते आणि मागचे अडकून पडतात. एवढं करूनही ऐन वेळी चाक पंक्चर होतं, साखळी पडते. म्हणून तर वाटेत एका ठरावीक जागी दुसरी सायकल तयार ठेवायची मुभा असते.

आमच्या चौथीच्या वर्गात आम्ही हा खेळ खेळलो. मी मुलांना अमेरिकेतल्या केटी कॉम्प्टनची माहिती सांगितली. २००४ साली ती पहिल्यांदा राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकली. मग एकामागून एक स्पर्धा जिंकतच गेली. गावं बदलली, हवा बदलली, पण पहिली तीच. २०१५ च्या जानेवारीत ऑस्टिन शहरातल्या एका उद्यानात ही स्पर्धा होती. पावसाने इतका चिखल झाला की उद्यान खात्याने रविवारची शर्यतच थांबवली. का माहीत आहे? तिथल्या जुन्या झाडांना इजा होऊ नये म्हणून! शर्यत सोमवारी झाली. तेव्हाही केटीच जिंकली. २०१८ च्या डिसेंबरपर्यंत तिची सलग १५ अजिंक्यपदं झाली.

"आता सांगा, २०१९ ला कोण?" मी विचारलं. सगळ्यांनी चिठ्ठ्या लिहून डब्यात टाकल्या. नाव आणि खाली कारण, असा नियम होता. सगळ्या चिठ्ठ्यांत केटी. फक्त एका मुलीने लिहिलं होतं, "दुसरी कोणीतरी. कारण ती आता ४१ वर्षांची झाली. आणि बाकीच्या सगळ्या तिलाच हरवायची तयारी करत असणार."

२०१९ च्या डिसेंबरमध्ये क्लारा हॉनसिंगर ही २२ वर्षांची मुलगी जिंकली. वर्गात एकच कल्ला झाला! पण मी मुलांना एवढंच विचारलं, की केटीचं नाव लिहिणाऱ्यांचं कारण वाईट होतं का? नाही. १५ वेळा जिंकलेली सोळाव्यांदाही जिंकेल, हे म्हणणं शहाणपणाचंच होतं. चांगला अंदाजही चुकतो, म्हणून तर शर्यत प्रत्यक्ष पळावी लागते.

केटीची पुढची हकीकतही मी सांगितली, कारण अर्धी गोष्ट सांगणं बरं नव्हे. २०२० मध्ये झालेल्या तपासणीत तिच्या शरीरात बंदी असलेलं द्रव्य सापडलं आणि २०२१ मध्ये तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. आपण ते जाणूनबुजून घेतलं नाही, असं तिचं म्हणणं होतं. तिने खेळातून निवृत्ती घेतली. आधीची १५ अजिंक्यपदं तिच्या नावावर राहिली. हे ऐकून वर्ग गप्प झाला. डब्यातल्या एकाही चिठ्ठीत हे कुणी लिहिलं नव्हतं. कसं लिहिणार?

तेवढ्यात मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "बाई, मग माझं नाव कुणी का लिहीत नाही?" तो शंभर मीटरच्या शर्यतीत दरवर्षी शेवटी येतो. मुलं हसली. "तू पहिला येशील" असं मी म्हटलं नाही. ते खोटं झालं असतं आणि ते त्याला कळलंही असतं. मी विचारलं, "याच्याबद्दल आपल्याला काय काय माहीत आहे?" मुलं विचार करू लागली. एक म्हणाला, "बाई, तो वस्तीवरून रोज तीन किलोमीटर चालत येतो." दुसरी म्हणाली, "आणि दप्तरासकट पळतो. दमत नाही." मग मीच म्हटलं, "मैदान बदललं तर?"

त्या वर्षी आम्ही शाळेपासून देवळापर्यंत आणि परत अशी लांब शर्यतही ठेवली. आदल्या दिवशी पुन्हा चिठ्ठ्या पडल्या. तीन चिठ्ठ्यांवर त्याचं नाव होतं, कारणासकट. तो चौथा आला. पण त्या तीन चिठ्ठ्या त्याने मागून घेतल्या आणि कंपासपेटीत ठेवल्या.

आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. "गणित हिचं कामच नव्हे", "हा काय, असाच राहणार", असं आपण सहज बोलून जातो. हाही अंदाजच असतो, पण मैदान न पाहता आणि कारण न लिहिता बांधलेला. शर्यतीचा अंदाज चुकला तर सायकलपटूचं काही बिघडत नाही, कारण तो त्याच्या कानावर गेलेलाच नसतो. मूल मात्र आपलं सगळं ऐकत असतं.

आणि मुलांनो, तुमच्या शाळेचे खेळ जवळ आले की तुम्हीही चिठ्ठ्या टाका. नाव लिहा, खाली कारण लिहा. निकाल लागला की आपली चिठ्ठी पुन्हा वाचा आणि कुठलं कारण बरोबर होतं, काय पाहायचं राहून गेलं, ते शोधा. आणि हो, चिठ्ठीवर एकदा तरी स्वतःचं नाव लिहा. फक्त खाली खरं कारण लिहायला विसरू नका!