सहा मिलिसेकंदांचा हुंकार

"अरे, बघ जरा, जीव आहे का यात," म्हणत एक काका गेल्या पावसाळ्यात बुटांच्या खोक्यात इंजिन घालून माझ्याकडे आले. काका मध्य रेल्वेत ड्रायव्हर होते. उमेदीच्या काळात कर्जत–लोणावळा घाटात त्यांनी 'खेकडा' चालवलेला. खेकडा म्हणजे डब्ल्यूसीजी-१, १९२८ पासून आपल्याकडे आलेलं, स्वित्झर्लंडमधल्या विंटरटूरच्या कारखान्याशी नातं सांगणारं विजेचं इंजिन. त्यातलं 'सर लेस्ली विल्सन' दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आजही उभं आहे. खोक्यातलं मॉडेल होतं त्याच्या स्विस भावंडाचं, दोन्हीकडे लांब नाक काढलेल्या 'क्रोकोडाइल'चं, १:८७ मापाचं. परदेशातल्या मुलाने पाठवलेलं.

काकांनी इंजिनाचा नंबर बदलायला घेतला होता. कारखान्यातून येताना प्रत्येक डिकोडरचा, म्हणजे इंजिनातल्या हुकूम ऐकणाऱ्या चिपचा, नंबर ३ असतो. नवा नंबर दिला की कमांड स्टेशन, म्हणजे हुकूम सोडणारा डबा, दरवेळी 'उत्तर नाही' म्हणायचं. काका दुसरा देत, तिसरा देत, तेच उत्तर. शेवटी ३ वर परत हाक मारली, तर इंजिन ढिम्म. "आधी नीट चालत होतं. मी हात लावला आणि मेलं."

मी इंजिन उघडलंसुद्धा नाही. विचारलं, "शेवटचा नंबर कुठला दिला होतात?"

"नातवाचं वय. नऊ."

मोठ्या मांडणीवर ठेवून नऊ दाबलं. शिटी वाजली आणि क्रोकोडाइल निघाला.

ही जादू नव्हती, आणि काकांची चूकही नव्हती. इंजिनाने त्यांचं प्रत्येक वेळी ऐकलं होतं. फक्त त्याचा हुंकार स्टेशनपर्यंत पोचला नव्हता. आजी गोष्ट सांगताना नातवंडाने 'हूं' म्हणायचं असतं. हूं थांबला की पोर झोपलं असं समजून आजी गप्प होते. पण पोर जागंच असतं आणि गोष्ट त्याला पाठ झालेली असते. डिकोडर प्रोग्रॅमिंगच्या निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ मला इथेच सापडतं.

जुन्या पद्धतीत रुळांत जेवढा दाब तेवढा वेग, आणि एका रुळावरची सगळी इंजिनं एकदमच धावायची. डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल, पद्धतीत रुळांत सतत १४–१५ व्होल्टची उलटसुलट होणारी वीज असते, आणि त्या उलटण्याच्या लयीतच निरोप असतो. ५८ मायक्रोसेकंदांनी पलटी मारली तर १, शंभर किंवा जास्त घेतले तर ०. जर्मनीतल्या बेर्न्ट लेन्झ यांच्या पद्धतीवर आधारलेलं हे मानक अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९०च्या दशकात स्वीकारलं, म्हणून एका कंपनीचा डिकोडर दुसऱ्या कंपनीच्या स्टेशनचं ऐकतो. इंजिनाच्या पोटातला नखाएवढा डिकोडर आपल्या नावाचा निरोप तेवढा उचलतो. बोलायचं मात्र त्याला तोंड नाही.

मग प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे नंबर वगैरे बदलायच्या रुळावर, उत्तर कसं देतो? मोटरला किंचित हिसका देऊन. किमान ६० मिलिअँपिअर जास्तीची वीज, साधारण ६ मिलिसेकंद. एवढाच त्याचा हूं. प्रोग्रॅम करताना इंजिन जागच्या जागी थरथरतं ते यामुळे. नवशिक्यांना वाटतं काहीतरी बिघडलं. उलट आहे, थरथरत नसेल तर काळजी करा.

आणि स्टेशनलाही 'तुझ्याकडे किती आकडा आहे?' असं थेट विचारता येत नाही. फक्त हो-नाहीचे प्रश्न. ज्यांनी वाण्याकडे जुनी वजनं पाहिली आहेत त्यांना हे लगेच कळेल. छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर, शेर: प्रत्येक वजन आधीच्याच्या दुप्पट. म्हणजे १, २, ४, ८, १६. स्टेशन विचारतं, पारड्यात शेर आहे का? अच्छेर आहे का? असे आठ प्रश्न, आणि शेवटी 'म्हणजे एकूण अमुक ना?' असा नववा. आठांपैकी एक हूं जरी हुकला तरी नवव्याला उत्तर येत नाही आणि पडद्यावर चूक झळकते. वाचनाला नऊ वेळा नीट संवाद लागतो. लिहिणं मात्र उत्तराशिवायही होऊन जातं. म्हणून 'वाचता येत नाही' याचा अर्थ 'लिहिलं गेलं नाही' असा लावू नका.

काकांच्या इंजिनाचा हूं कुठे हरवला? आवाजाच्या डिकोडरला जोडलेल्या कपॅसिटरमध्ये. रूळ कुठे मळका असला तरी इंजिन अडखळू नये म्हणून हल्ली हा विजेचा रांजण बसवतात. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर मुद्दामच कमी वीज सोडतात, साधारण पाव अँपिअर, म्हणजे जोडणी चुकली असली तरी डिकोडर जळू नये. पण तेवढ्यात रांजण भरणार की हुंकार ऐकू येणार? नंतर इंजिन उघडून कपॅसिटरची एक तार तात्पुरती सोडवली, आणि त्याच स्टेशनवर सगळं पहिल्या फटक्यात वाचलं गेलं.

उलटा प्रकारही होतो. डब्यातल्या दिव्यांसाठी लावलेला डिकोडर बऱ्याचदा उत्तर देत नाही, कारण एलईडी ओढून ओढून ओढणार किती! त्या तारेवर थोडा वेळ जुना फिलामेंटचा छोटा बल्ब जोडा, लगेच बोलतो. कमी वीज खाणाऱ्या छोट्या कोअरलेस मोटरीही असाच त्रास देतात.

हे सगळं मी सांगतो खरं, पण कोणी 'वाचत नाही' म्हणून आलं की मी आधी चाकं पुसतो. पुण्याच्या पावसाळ्यात निकेल-सिल्व्हरच्या रुळांवर काळपट थर चढतो, चाकांवर तेल आणि धूळ. धावताना हे चालून जातं, कारण धावताना दर सेकंदाला कितीतरी निरोप येतात. एक हुकला तर दुसरा. सहा मिलिसेकंदांच्या उत्तराला दुसरी संधी नसते. अपमान वाटतो लोकांना. मोठ्या बिघाडाची गोष्ट सांगत आलेले असतात आणि मी मलमलीच्या चिंधीवर आयसोप्रोपिल घेऊन बसलेला.

आता सीव्ही. नोकरीसाठी देतात तो नव्हे. डिकोडरच्या आतले क्रमांक टाकलेले कप्पे. बहुतेकांना चारपाचच लागतात आणि सगळ्या गोंधळाचं घर आहे सीव्ही २९. इथेही वाण्याचीच वजनं आहेत. छटाक ठेवलं तर इंजिनाची दिशा उलटी. अदपाव म्हणजे वेगाच्या २८ किंवा १२८ पायऱ्या. पावशेर म्हणजे जुन्या पद्धतीच्या विजेवरही चालायची परवानगी. दोन शेर, म्हणजे ३२, ठेवले तर चार आकडी नंबर. चार आकडी नंबर हवा तर ३२ अधिक ४ अधिक २, म्हणजे ३८.

एकाने असाच चार आकडी नंबर दिला, ४००१. तो सीव्ही १७ आणि १८ मध्ये वाटला जातो: १७ मध्ये २०७, १८ मध्ये १६१. दोन्ही अचूक भरले होते. २९ मध्ये मात्र कारखान्यातला ६ तसाच. नंबर लिहिला होता, पण पारड्यात दोन शेर ठेवायचे राहिले. इंजिन आपलं ३ लाच ओ देत होतं.

वेग वाढवताना पुढचा दिवा एका पायरीला लागतो, पुढच्या पायरीला विझतो? बल्ब बदलू नका. अदपाव गायब आहे. १४ पायऱ्यांच्या भाषेत दिव्यासाठी जो बिट असतो, तोच २८ च्या भाषेत मधली पायरी दाखवतो. डिकोडर जुनी भाषा ऐकतोय, स्टेशन नवी बोलतंय. आणि वीज आली की इंजिन बेभान सुटत असेल तर पावशेर काढा. एवढ्या तपशिलात मी शिरतो कारण याच दोन लक्षणांवर लोक नवे डिकोडर विकत घेताना मी पाहिले आहेत, आणि इथे तो परदेशातून मागवायचा म्हणजे खिशाला चांगलीच झळ.

दिवे, शिटी सगळं ऐकतं पण चाकं हलत नाहीत? सीव्ही १९ बघा. जोड-इंजिनासाठी दिलेला नंबर तिथे राहून गेलेला असतो. जोडीदार दुसऱ्याच कपाटात आणि हे त्याची वाट बघत उभं. शून्य लिहा.

माझी स्वतःची फजिती सांगितली नाही तर हा लेख खोटा ठरेल. माझ्या पहिल्या सेटला विजेची एकच वाट होती. चालवायचं तिथेच आणि प्रोग्रॅमिंगही तिथेच. प्रोग्रॅमिंगच्या हुकमात नंबर नसतो. सासूने नाव न घेता मारलेल्या टोमण्यासारखा तो, रुळावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला लागतो. दिवाळीच्या संध्याकाळी घरात पाहुणे, रुळावर चार इंजिनं, आणि मी घाईत एकाचा नंबर बदलला. पुढच्या क्षणी चौघांचं नाव एकच. वेग दिला तर चारही निघाली, त्यातली दोन समोरासमोर. पाहुण्यांना तो खेळाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून माझा प्रोग्रॅमिंग ट्रॅक वेगळ्या फळीवर आहे, मांडणीला कुठेच न जोडलेला.

सगळंच बिघडलं तर बऱ्याच डिकोडरांत सीव्ही ८ मध्ये ८ लिहून कारखान्यातल्या स्थितीवर परत जाता येतं. हा कप्पा वाचला तर कंपनीचा क्रमांक मिळतो, ९९ आला तर लेन्झ, १४५ तर झिमो, १५१ तर ईएसयू. पण आवाजाच्या डिकोडरवर तासन् तास खपून जुळवलेली हळू सुरुवात आणि ब्रेकची किंचाळी एका आठने पुसली जाते. आधी आकडे उतरवून घ्या. संगणकावर फुकट मिळणारं डिकोडरप्रो ते जपून ठेवतं. मी मात्र अजून वहीच वापरतो, प्रत्येक इंजिनाला एक पान.

खरोखर मेलेले डिकोडर मी पाहिले, ते प्रोग्रॅमिंगने मेले नव्हते. ते बसवताना मेले. मोटरचं एक टोक इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला चिकटलेलं, आणि सांगाडा रुळाशी जोडलेला. रुळातली वीज डिकोडरच्या नारिंगी नाहीतर करड्या तारेतून उलटी शिरते आणि एक विशिष्ट वास येतो. तो वास एकदा आला की माणूस विसरत नाही. डिकोडर जोडण्याआधी मल्टिमीटरची एक सुई मोटरच्या टोकाला आणि दुसरी चाकाला लावा. बीप वाजता कामा नये. याला अर्धं मिनिट लागतं.

काकांचा क्रोकोडाइल आता ९ वरच धावतो. नातू यंदा दहाचा झाला, नंबर बदलून हवा म्हणून मागे लागलाय. काका तयार नाहीत. त्यांनी मला फोन करून फक्त एवढंच विचारलं, चाकांना सँडपेपर चालेल का. अजिबात नाही. त्याचे ओरखडे पडतात आणि त्यात मळ आणखी साचतो. मलमलीची चिंधी घ्या.