चार आण्यांचं वजन

आमच्या दारव्ह्याच्या घरात जुमेरातीला मगरिबनंतर रेकॉर्ड लागायची. अब्बा एका जिनिंगमध्ये मुनीम होते. पगार बेताचा, पण अमरावतीला गेले की परतताना पिशवीत कधी हबीब पेंटर, कधी इस्माईल आझाद, कधी शकीलाबानो भोपाली असायची. घरात आम्ही हिंदी-उर्दू बोलायचो, बाहेर वऱ्हाडी. कव्वाली सुरू झाली की ओसरीवर दोन्ही बोलींची माणसं येऊन बसायची.

मोठ्या रेकॉर्डची एक खोड होती. सुरुवातीला आवाज स्वच्छ. पण कव्वाल रंगात येऊन वरच्या पट्टीत गेला, टाळ्या वाढल्या, की आवाज फाटायचा. ‘स’चा ‘श्श’ व्हायचा. त्यातच सुई उड्या मारायची. अब्बांनी इलाज काढला. सुईच्या दांडीवर चार आण्याचं नाणं चिकटवलं. उड्या थांबल्या, फाटणं तसंच राहिलं.

१९८४ साली मी यवतमाळला बी.एस्सी.ला होतो. सुट्टीत घरी आलो आणि भरल्या बैठकीत बोलून गेलो, ‘‘अब्बा, तुमच्या या नाण्यानंच रेकॉर्डी खराब झाल्या. वजनानं खाचा खरवडल्या जातात.’’

अब्बा काही बोलले नाहीत. नाणं काढून सदऱ्याच्या खिशात टाकलं, पेटी बंद केली. ती पुन्हा त्यांच्या हातानं उघडली नाही. २००३ मध्ये ते गेले.

निवृत्त झाल्यावर, मागच्या वर्षी, मी ती पेटी अमरावतीच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेली. त्यानं भिंगातून पाहून विचारलं, ‘‘सुई कधी बदलली होती?’’ मला एकदाही आठवेना. हिऱ्याच्या टोकाची सुईसुद्धा साधारण ५०० ते १००० तासांनी बदलावी लागते, सॅफायरची त्याच्या कितीतरी आधी. आमच्या सुईचं टोक झिजून छिन्नीसारखं झालं होतं. असं टोक खाचेतली बारीक वळणं नीट वाचू शकत नाही, उलट खाच कापत जातं.

मग जो हिशेब कॉलेजात मांडायला हवा होता, तो मी साठीत मांडला. रेकॉर्ड मिनिटाला ३३ १/३ फेरेच घेते, पण आत जावं तसा फेरा लहान होतो. काठावर सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, मधल्या लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. आणि कव्वाली तर शेवटीच चढते! जिथं खाच सर्वांत दाटलेली, तिथंच कव्वालाचा आवाज सर्वांत उंच.

म्हणजे नाणं अगदी निर्दोष नव्हतं. अडीच ग्रॅमचा जादा भार खाचेला सोसावा लागलाच. पण मुख्य गुन्हेगार झिजलेली सुई होती. उड्यांचं कारण तर आणखी साधं निघालं. दांडीच्या बिजागरीतलं ग्रीस वाळलं होतं आणि पेटी ज्या कपाटावर असायची, त्याचा एक पाय आखूड होता.

नवी सुई बसवली. बिजागरी साफ केली. कपाटाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. रेकॉर्डींवरची धूळ मऊ ब्रशनं, मग डिस्टिल्ड वॉटरच्या ओल्या फडक्यानं, खाचेच्या गोलाईनंच पुसली. आडवं पुसलं तर ओरखडे पडतात. नाण्याची गरज उरली नाही.

जुमेरातीला अम्मीला खुर्चीत बसवून रेकॉर्ड लावली. आवाज आता बराच मोकळा आला. शेवटच्या बंदाला मात्र थोडा फाटलाच. झिजलेली खाच पुन्हा भरून येत नाही.

मी अम्मीला म्हणालो, ‘‘अब्बांवर मी उगाच आळ घेतला. दोष सुईचा होता.’’

अम्मी म्हणाली, ‘‘उनको मालूम था रे, सुई गयी करके. पर तेरी फीस भरनी थी ना.’’

रेकॉर्ड संपून नुसतीच फिरत होती. थोड्या वेळानं मी सुई उचलली आणि दुसरी बाजू लावली.