खर्ज आणि शेजार

नवी वस्तू घरात आली म्हणजे ती कशी वापरावी हे न कळणारा इसम घरात बहुधा एकच असतो, आणि तो म्हणजे गृहस्वामी. आमच्या चिरंजीवांनी लॅमिंग्टन रोडवरून सबवूफर नावाचा एक काळा पेटारा आणला आणि परळच्या आमच्या जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरील दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशा खोलीच्या कोपऱ्यात त्याची स्थापना केली. गाण्यातील खालचे स्वर तेवढे या पेटाऱ्याने काढावयाचे आणि बाकीचे दोन लहान कर्ण्यांनी, अशी ही कामाची वाटणी आहे. पेटाऱ्याच्या पाठीशी बटणे तीन : एक आवाजाचे, दुसरे त्याने कोठपर्यंत गावे ही हद्द ठरविणारे, आणि तिसरे ‘फेज’चे.

अधिक ते उत्तम या न्यायाने पहिल्या दिवशी आम्ही पहिली दोन बटणे उजवीकडे टोकाला नेली. परिणाम असा झाला की, बुवा समोर बसले आहेत आणि त्यांचा गळा मात्र कोपऱ्यात जाऊन बसला आहे! सुमारे 80 हर्ट्झच्या खालचा ध्वनी कोणत्या दिशेने येतो हे कानाला सहसा उमगत नाही, त्याच्या वरचा मात्र उमगू लागतो. पुरुषाचा गळा या हद्दीच्या वरचा. तो पेटाऱ्यात कोंडला की चोरी उघडकीस येते. हद्द 80 वर आणताच बुवा आपल्या जागी परतले.

पुढची परीक्षा आम्ही तंबोऱ्याने घेतली. काळी एकच्या तंबोऱ्यात जोडाच्या तारा सुमारे 139 हर्ट्झच्या आणि खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे 69 ची. म्हणजे जोड कर्ण्यांच्या वाट्याला आणि खर्ज पेटाऱ्याच्या. सीमारेषा नेमकी तारांच्या मधून जाते. चारही तारा सारख्याच वजनाच्या वाटेपर्यंत आवाजाचे बटण फिरवावयाचे. फेजचे बटण उलटे असले तर सीमेवर एकाचा ध्वनी दुसऱ्याच्या ध्वनीला खाऊन टाकतो. ते फिरवताच ती पोकळी भरून आली. कोपऱ्यातील भिंती खर्जाला अवास्तव फुगवितात, म्हणून पेटारा हलविणे भाग होते. त्याची युक्ती अशी की, पेटारा आपल्या खुर्चीवर बसवावा आणि आपण खोलीभर रांगत फिरावे. जेथे खर्ज सरळ ऐकू येईल ती पेटाऱ्याची जागा. आम्ही रांगत असता कुटुंब आत आले. “निवृत्तीला अजून अवकाश आहे ना?” एवढेच ते म्हणाले.

येथवर आम्ही आमच्यावर अत्यंत खूष होतो. मग एके सकाळी खालच्या मजल्यावरील मावशी वर आल्या. “मास्तर, रात्री तुमचं गाणं जरा बेतानं लावा. यांना झोप येत नाही.”

आम्हाला नवल वाटले. त्यांचे यजमान 1982 च्या संपापर्यंत बारा वर्षे गिरणीच्या साचेखात्यात होते आणि साच्यांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेलेले. बहिऱ्याला गाण्याचा त्रास कसा व्हावा? शिवाय कायदा आमच्या बाजूला. 2000 च्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहानंतर 45 डेसिबलांची मर्यादा आहे, आणि मोबाइलमधले मोजमाप 43 च्या वर जात नव्हते. हा पुरावा घेऊन आम्ही रात्री खाली गेलो.

वर भजन चालू होते. खाली ना शब्द होता, ना स्वर. नुसता धप् धप् असा ठोका, आणि फळीवरच्या पेल्यातील पाणी थरथरत होते. आजोबांनी छातीवर हात ठेवला. “साचे सुरू झाल्यासारखं वाटतं, मास्तर. रातपाळीला उशीर झाला म्हणून मी दचकून उठतो.”

आमचा पुरावा खिशातच राहिला. साच्यांच्या आवाजाने आधी वरचे स्वर जातात. खालचे शाबूत राहतात. म्हणजे आमच्या गाण्यातील जेवढे लाकडी तक्तपोशीतून खाली झिरपत होते, नेमके तेवढेच त्यांच्या कानात उरले होते. आणि ज्या मोजपट्टीवर आमची भिस्त, ती 50 हर्ट्झचा ध्वनी जवळजवळ 30 डेसिबलांनी कमी धरते. कायद्याचा कानही आमच्याइतकाच एकांगी निघाला.

दुसऱ्या दिवशी बटणे पुन्हा लावली, ती खालून. चिरंजीव वर पेटाऱ्यापाशी, आम्ही आजोबांच्या खाटेवर, कानाला फोन. पेटाऱ्याखाली जाड रबर घातले. “अजून कमी... अजून...” पेल्यातील पाणी स्थिर झाले तेव्हा आजोबांनी हात वर केला. वरच्या खोलीत खर्जाची तार त्या वेळी इतर तिघींहून हलकी पडली होती.

आम्ही निघालो तेव्हा ते म्हणाले, “दिवसा लावत जा हो थोडं मोठ्यानं. हिचं बोलणं ऐकू येत नाही; निदान वर कुणी आहे एवढं कळतं.”

आता दुपारचे एक माप आणि रात्रीचे एक, अशा दोन खुणा आम्ही बटणाशेजारी पेन्सिलीने केल्या आहेत. रात्रीच्या खुणेवर तंबोरा थोडा उणा वाजतो. आमच्या कानाला त्याची सवय होत आहे.