सातनंतरचा वेळ

आमच्याकडे संध्याकाळचं जेवण सूर्य मावळायच्या आत होतं. इकडचे जैन त्याला अंथऊ म्हणतात. सांगलीहून लग्न होऊन भोपाळला आले तेव्हा हा शब्द मला नवा होता, रीत मात्र माहेरचीच. सांगायचा मुद्दा असा, की सात वाजता आमचा ओटा पुसून कोरडा झालेला असतो. बाकीच्या घरांत कुकरच्या शिट्ट्या सुरू असतात, तेव्हा आम्ही सासू-सून टीव्हीसमोर अगदी मोकळ्या. मराठी मालिका आमच्याइतक्या निवांतपणे फार कुणी पाहिल्या नसतील!

करोंदमध्ये मराठी कानावर पडत नाही हो. मंडीत भाजी घ्यायची ती हिंदीत, मंदिरात बोलायचं तेही हिंदीत, आणि मुलं भांडतातसुद्धा हिंदीतच. म्हणून केबलवाल्याच्या मागे लागून मराठी चॅनेल घेतलं, ते 'वादळवाट' चालू असताना. त्याआधी माहेरी १९९९ पासून 'आभाळमाया' पाहिली होती. सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी मला अजून आठवते. शिकलेली, नोकरी करणारी, स्वतःचं मत असलेली बाई. ती बोलायची तेव्हा आई पोळी लाटता लाटता थांबायची. तेव्हापासून माझं माप तेच. बाई पडद्यावर विचार करताना दिसते का? दिसली तर बाकीचं सगळं माफ.

त्या मापाला पुढच्या कितीतरी मालिका उतरल्या नाहीत. 'चार दिवस सासूचे'चे चार दिवस ३ हजारांहून जास्त भाग चालले. रोहिणी हट्टंगडींसाठी मी ते बरेच दिवस सोसलं. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या सहा सासवांवर आम्ही दोघींनी जीव लावला होता, पण जान्हवीचं बाळंतपण इतकं लांबलं, की सासूबाई म्हणाल्या, "अगं, हत्तिणीचं सुद्धा झालं असतं एव्हाना." दशलक्षण पर्वात आमचा दहा दिवस टीव्ही न लावण्याचा नियम असतो. अकराव्या दिवशी उत्सुकतेने लावावा, तर गोष्ट जिथे होती तिथेच. हातातला कपही खाली ठेवलेला नसायचा.

'अग्गंबाई सासूबाई'बद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवं. २०१९ च्या जुलैत ती सुरू झाली. आसावरी विधवा, सासऱ्यांच्या धाकात आणि मुलाच्या लाडात आयुष्य गेलेली. निवेदिता सराफांनी तिचं ते घाबरणं, पदर सावरणं, एखादा पदार्थ जमला की हळूच खूष होणं इतकं खरं केलं होतं, की वाटायचं ही आपल्याच गल्लीतली. तिची सून शुभ्रा तिचं लग्न लावून देते, शेफ अभिजित राजेंशी.

माझ्या सासूबाई अडतिसाव्या वर्षी विधवा झाल्या. सुरुवातीला आसावरी आणि अभिजितचा प्रसंग आला की त्या पाणी प्यायला उठायच्या. हळूहळू उठेनाशा झाल्या. अर्थात, तोंडाने टीका चालूच. "कांदा किती चिरतो हा माणूस!" आमच्याकडे कांदा-लसूण नाही, त्यामुळे गिरीश ओकांचा अर्धा स्वयंपाक आम्हाला वर्ज्यच होता.

त्याच दिवसांत पापड लाटायला मदत करणाऱ्या एक अम्मा संध्याकाळी आमच्याकडे थांबू लागल्या. त्या राहतात ती वस्ती करोंदमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. त्यात ज्यांचे नवरे गेले, त्या बायकांसाठी सरकारने इथे घरं बांधली. लोक तिला आजही विधवा कॉलनीच म्हणतात. ऑटोवाल्याला तसंच सांगायचं, चिठ्ठीवर पत्ताही तसाच. अम्मांना मराठी येत नाही. मी मधूनमधून सांगायची. लग्नाच्या भागाला त्यांनी विचारलं, "बहू ने करवाई? सास की?" मी हो म्हटलं. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी त्यांच्याकडे. मग दोघी हसायला लागल्या, आणि त्या हसण्यात मला जागा नव्हती. मी जाहिराती लागेपर्यंत गप्प बसले.

म्हणूनच २०२१ मध्ये आलेल्या 'अग्गंबाई सूनबाई'चा मला इतका राग आला. पहिल्या मालिकेत तेजश्री प्रधानची शुभ्रा आजोबांसमोर ताठ उभी राहून बोलत होती. दुसरीत कलाकार बदलले, ते ठीक. रवी पटवर्धन गेल्यावर आजोबाही मोहन जोशींनी केलेच होते, आणि आम्ही ते मान्य केलं. पण इथे बाईच बदलली. नवऱ्याचं बाहेर काही चाललंय, आणि ही बावरलेली, रडवेली, सासूच्या आधाराने उभी. जिने विधवा सासूला उभं केलं, तिचं पाणी लेखकांनी एका झटक्यात काढून घेतलं. अम्मांनी दोन भाग पाहिले आणि विचारलं, "वो वाली बहू कहाँ गई?" नंतर त्या मालिकेला थांबल्या नाहीत. मालिकाही त्याच वर्षी गुंडाळली गेली.

आमच्या मैत्रिणी म्हणतात, करमणूक आहे, एवढं काय मनावर घ्यायचं. घेते मी. 'उंच माझा झोका' पाहताना लहान रमा अक्षरं गिरवायची, तेव्हा सासूबाईंनी माझ्या मुलीला शेजारी बसवून घेतलं होतं. तेव्हापासून वाटतं, आपल्या मगनबाईंवर अशी मालिका का नाही? सेठ माणिकचंदांची मुलगी, तरुण वयात विधवा झाली, वडिलांनी शिकवलं आणि तिने मुंबईत श्राविकाश्रम उभारला. त्यात नाट्य कमी आहे का? पण तिथे खलनायिका कोण करणार, हा चॅनेलवाल्यांचा प्रश्न असावा.

सध्या सासूबाईंना कमी दिसतं. मोबाइलवर 'अग्गंबाई सासूबाई'चे जुने भाग लावून देते, त्या नुसत्या ऐकतात. लग्नाचा भाग आला की सांगतात, "आवाज वाढव गं जरा." अम्मा आल्या असतील तर त्यांच्यासाठी हिंदीत मीच बोलते.