दोघांनी पायी पाहिलेला पन्हाळा

कोल्हापूर शहर तसे सपाटीवरचे. रंकाळ्यापासून बिंदू चौकापर्यंत चालत गेले तरी फारसा दम लागत नाही. पण शहरापासून वायव्येला सुमारे २० किलोमीटरवर एक असे गाव आहे की जिथे प्रत्येक गल्ली एक तर चढते, नाही तर उतरते. ते गाव म्हणजे पन्हाळा. किल्ला म्हणून आपण त्याला ओळखतो, परंतु पन्हाळा हे आजही नांदते नगर आहे. गडावर नगरपरिषद आहे, शाळा आहेत, दवाखाना, बँक, किराणा दुकाने आणि पिढ्यान्पिढ्या तटाच्या आत राहणारी हिंदू-मुस्लिम कुटुंबे आहेत. राज्यातल्या सर्वांत लहान नगरपरिषदांमध्ये त्याची गणना होते. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यांतले ११ महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. त्या अकरांत आपला पन्हाळाही आहे.

कोल्हापूरकर पन्हाळ्याला जातात ते बहुधा गाडीने. या पॉइंटवर उतरायचे, फोटो काढायचे, पुन्हा गाडीत बसायचे, भजी खायची आणि संध्याकाळी परत. आम्हीही आजवर पाहुण्यांना घेऊन असेच गेलो होतो. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मात्र आम्ही दोघेच गेलो आणि दिवसभर पायी फिरलो.

निमित्त डॉक्टरांचे होते. उद्यमनगरात आमच्या ह्यांचे छोटे वर्कशॉप आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत लेथसमोर उभे असतात. साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितले. हे म्हणाले, “दिवसभर पायांवरच असतो की.” त्यावर डॉक्टर म्हणाले, “उभे राहणे वेगळे आणि चालणे वेगळे. आणि एकट्याने कंटाळा येत असेल तर वहिनींना बरोबर घ्या.” घरी येऊन हिशेब केला. लग्नाला एकवीस वर्षे झाली. या एकवीस वर्षांत लग्ने, बारसी, इज्तेमा, दवाखाने, मुलांच्या परीक्षा यांसाठी आम्ही शेकडो वेळा एकत्र बाहेर पडलो, पण फक्त दोघे, आणि काही काम नसताना, असा एक दिवसही आठवेना.

मनातला चढ

पन्हाळ्याचे नाव मी सुचवले. हे थोडे गप्प झाले. त्यांच्या मनात काय होते ते मला कळले. जून २०२३ मध्ये आमच्या शहरात जे घडले आणि जुलै २०२४ मध्ये विशाळगडाच्या वाटेवर गजापुरात जे घडले, त्याची धग कोल्हापुरातल्या प्रत्येक मुस्लिम घराने सोसली आहे. त्यानंतर गड-किल्ल्यांचा विषय निघाला की आमच्या घरातली मोठी माणसे म्हणतात, “कशाला जायचे तिकडे?” ह्यांनीही तेच विचारले. मी म्हणाले, “मी शाळेत मुलांना याच गडाचा धडा शिकवते. मुलांना सांगायचे हा आपला इतिहास आहे, आणि आपण मात्र लांबून बघायचे, हे कसे जमेल?” सासूबाईंनी मुलाच्या जेवणाची जबाबदारी घेतली आणि वर म्हणाल्या, “जाव, जाव. पानी साथ लेव.”

फजरनंतर चहा घेऊन निघालो. एस.टी.ने पंचगंगेवरचा शिवाजी पूल ओलांडला. केर्लीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. वाघबिळाचा घाट लागला तसा गारवा अंगाला लागू लागला. गडावर शिरताना वीर शिवा काशीद आणि बाजीप्रभू देशपांडे यांचे पुतळे आहेत. इथेच पूर्वी चार दरवाजा होता. १८४४ च्या उठावानंतर इंग्रजांनी तो पाडला. आज तिथून डांबरी रस्ता जातो आणि गाड्या सरळ आत येतात. आम्ही मात्र बुटाच्या नाड्या आवळल्या आणि चालू लागलो.

कोठी, कोठार आणि हॉपर

पहिला मुक्काम सज्जा कोठी. गडाच्या पूर्व कडेला असलेली ही आदिलशाही इमारत खालचे खोरे न्याहाळण्यासाठी बांधलेली आहे. कमानी, घुमट, सज्जे सगळे विजापुरी थाटाचे. संभाजीराजांना याच कोठीत नजरेखाली ठेवले होते असे सांगतात. वरच्या दालनाच्या खिडकीत आम्ही बराच वेळ उभे होतो. समोर जोतिबाचा डोंगर, खाली शेतांचे तुकडे. खोऱ्यात धुके होते आणि ते हळूहळू वर येत होते. ह्यांनी मोबाइल खिशातच ठेवला होता हे मला विशेष वाटले.

तिथून गावातून चढत अंबरखान्यापर्यंत आलो. गंगा, यमुना, सरस्वती अशी नावे असलेली ही धान्याची कोठारे. त्यांतले गंगा कोठार सर्वांत मोठे. आत सोळा खण आहेत, प्रत्येक खणावर चपट्या माथ्याचा घुमट आणि घुमटाला छिद्र. दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांनी छतावर जाता येते. मी भिंतींची जाडी आणि कोरीव गिलावा पाहत होते. हे मात्र त्या छिद्राखाली उभे राहून वर बघत होते. एकदम म्हणाले, “अरे, ये तो हॉपरच हाय की!” मग मला समजावून सांगितले: धान्याची पोती आत वाहून न्यायचीच नाहीत, छतावर चढवायची आणि छिद्रातून ओतायची. धान्य आपल्या वजनाने खाली पसरत जाते. भिंती जाड, म्हणून ओल येत नाही. घुमट असल्यामुळे मधे खांबांची गर्दी नाही. मी पाठ्यपुस्तकातून अंबरखाना शिकवते, पण त्यामागचे यंत्र मला लेथवाल्या माणसाने दाखवले.

या कोठारांचे मोल १६६० मध्ये कळले. मार्च महिन्यात सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला आणि पावसाळा लागला तरी तो उठला नाही. शिवाजी महाराज आत होते. गड चार महिन्यांहून अधिक काळ टिकला तो तटामुळे आणि अंबरखान्यामुळे. जुलैच्या पावसाळी रात्री महाराज विशाळगडाकडे निसटले. शिवा काशीद महाराजांचे सोंग घेऊन शत्रूच्या हाती गेले आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड रोखून प्राण दिले. ही कथा महाराष्ट्रातले लहान मूलही जाणते.

त्याच कथेतले एक पान मात्र फारसे उघडले जात नाही. गडाला वेढा पडला असताना नेताजी पालकर तो फोडण्यासाठी बाहेरून चालून आले. त्यांच्याबरोबर सिद्दी हिलाल हे सरदार आणि त्यांचा तरुण मुलगा वाहवाह होते. लढाईत वाहवाह जखमी झाला आणि शत्रूच्या हाती सापडला. म्हणजे वेढा घालणारा सिद्दी, आणि तो फोडण्यासाठी पोटचा मुलगा गमावून बसणाराही सिद्दी. कोठाराच्या पायरीवर बसून मी हे ह्यांना सांगितले. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे तू मुलांना सांगतेस?” मी म्हणाले, “दरवर्षी.”

साधोबाच्या काठावर

गडावर एक तलाव आहे, साधोबाचा. काठाला पिरांचा दर्गा. गावकरी त्यांना साधोबाच म्हणतात. खंडोबा, जोतिबा, म्हसोबा यांच्या पंगतीत मराठी माणसाने आपल्या पिरालाही ‘बा’ लावून घेतले. भाषा शिकवणारी बाई म्हणून मला या एका अक्षरात फार मोठा इतिहास दिसतो. हुकूम काढून असे नाव कुणाला देता येत नाही. ते शेजारधर्माने मिळते.

तिथे वजू करून जोहरची नमाज अदा केली. नंतर रस्त्याकडेला एका मावशींच्या टपरीत झुणका, भाकरी, खर्डा आणि मडक्यातले दही. माझा हिजाब पाहून मावशींनी विचारले, “कोल्हापूरचं व्हय? पोरं कुठं हाईत?” मी म्हणाले, “घरी ठेवून आलोय.” मावशी हसल्या. “बरं केलासा. आमीबी एकदा जोतिबाला दोघंच गेलतो. अजून आठवण निघती.” भाकरीचे पैसे घेतले, दह्याचे घेतले नाहीत. सकाळी घरातून निघताना ह्यांच्या कपाळावर जी आठी होती, ती केव्हा गेली ते मला सांगता येणार नाही, पण तिथून उठताना ती नव्हती एवढे नक्की.

जवळच ताराराणींचा वाडा आहे. त्यात शाळा भरते हे पाहून मला फार बरे वाटले. १७८२ मध्ये राजधानी खाली कोल्हापुरात गेली, तोवर करवीरच्या गादीचा कारभार याच गडावरून चालत असे. ‘केकावली’कार मोरोपंत यांचा जन्मही पन्हाळ्याचाच, १७२९ सालचा. त्यांच्या नावाचे ग्रंथालय गडावर आहे. त्यांच्याही कितीतरी आधी, १४६९ च्या पावसाळ्यात, बहमनी वजीर महमूद गवान यांनी इथे तळ दिला होता. बिदरचा प्रसिद्ध मदरसा उभारणारे तेच हे गवान. आणि या सर्वांच्या आधी, बाराव्या शतकात, शिलाहार राजा दुसरा भोज याने हा गड बांधला.

तीन दरवाजा

दुपार कलली तेव्हा पश्चिमेच्या तीन दरवाजाशी पोहोचलो. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद यांनी साठ मावळ्यांनिशी पुन्हा जिंकलेला तो हाच गड. एका दरवाज्यातून आत गेले की चौक, बाजूला कमानींच्या ओवऱ्या, मग पुढचा दरवाजा. दगडात वेलबुट्टीचे पट्टे असे कोरले आहेत की हात लावून पाहावेसे वाटते. इब्राहिम आदिलशाहाच्या काळातला फारसी शिलालेख इथे आहे आणि आतल्या दरवाज्याच्या पट्टीवर गणपती आहे. गणपती मराठ्यांनी बसवला. पण तसे करताना त्यांनी फारसी अक्षरे खरवडून काढली नाहीत. दोन्ही एकाच दरवाज्यावर शतकानुशतके नांदत आहेत.

मी शिलालेखाची अक्षरे जुळवत होते. लिपी उर्दूसारखी असली तरी अक्षरे गुंतलेली आणि झिजलेली. बोटाने हवेत गिरवत गिरवत ‘इब्राहिम’ एवढे नाव लागले. मागे कुठल्याशा गावातली पाच-सहा शाळकरी मुले उभी होती. एकाने विचारले, “मॅडम, तुम्हाला हे वाचता येतं?” मग काय, वर्गच भरला. उजवीकडून डावीकडे कसे वाचायचे, फारसी ही त्या काळातली दरबाराची भाषा कशी होती, आपल्या तोंडातले ‘दरवाजा’, ‘किल्ला’, ‘शहर’, ‘बाजार’ हे शब्द त्याच वाटेने मराठीत कसे आले, सगळे सांगितले. मुलांनी आपापली नावे त्या लिपीत कशी लिहितात ते विचारले. वहीचे कागद फाडून मी प्रत्येकाला लिहून दिली. मुले कागद नाचवत निघून गेली.

वळून पाहिले तर हे कमानीला टेकून उभे होते. म्हणाले, “तू शिकवतेस कशी ते आज बघितलं.” एकवीस वर्षे माझ्या शाळेची फी, पगार, बदली, रजा यांवर आमचे बोलणे झाले होते. मी शिकवताना कशी दिसते ते त्यांनी कधी पाहिले नव्हते. आणि ते छिद्राखाली उभे राहून यंत्र कसे ओळखतात, हे मीही सकाळीच पहिल्यांदा पाहिले होते.

शेजारच्या अंधारबावीत उतरलो. तीन मजली विहीर, खाली पाणी, वर पहाऱ्याची जागा. वेढ्यात शत्रूने पाण्यात विष कालवू नये म्हणून पाणी असे भिंतींच्या पोटात लपवलेले. पायऱ्या अंधाऱ्या आणि उंच. चालताना हे नेहमी माझ्यापुढे चार पावले असतात. इथे मात्र एकमेकांचा हात धरल्याशिवाय उतरताच येत नव्हते. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी हजरत आएशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, हे आपण व्याख्यानांतून ऐकतो आणि विसरतो. पत्नीच्या पावलाशी पाऊल जुळवणे हाही घरसंसाराचा भाग आहे, हे त्या पायऱ्यांवर आठवले.

पुसाटी बुरुजाकडे सूर्य उतरताना पाहिला. मगरिब गडावरच अदा करून खाली जाणारी एस.टी. पकडली. मोबाइलने अठरा हजारांहून अधिक पावले दाखवली.

जाणार असाल तर

पन्हाळ्याची तटबंदी सुमारे ७ किलोमीटरची आहे. एका दिवसात सगळे पाहण्याचा हट्ट धरू नये. पावसाळ्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ चालायला उत्तम. साखरेची औषधे घेणाऱ्यांनी खिशात गूळ किंवा खजूर ठेवावा, जेवणाची वेळ चुकवू नये. गुडघे दुखत असतील तर अंधारबावीत न उतरता वरूनच पाहावी. बूट पकडीचे हवेत, कारण पायऱ्यांवर शेवाळ असते. नमाजेच्या वेळा धरून दिवस आखला की विसाव्याच्या जागा आपोआप ठरतात. मुलांना एकदा नक्की न्यावे, पण एकदा त्यांना घरी ठेवूनही जावे.

त्या दिवसानंतर दर रविवारी फजर झाली की आम्ही रंकाळ्याला फेरी मारतो. साखर थोडी उतरली आहे, अल्हम्दुलिल्लाह. हे अजूनही मधेच चार पावले पुढे जातात, पण आता थांबतात. आणि सासूबाई विचारतात, “पन्हाला हुआ, अब कां जानेवाले?” इन्शाअल्लाह, पुढच्या सुट्टीत मसाईचे पठार.