ढेकराची किंमत

कांहीं दुखणीं मनुष्याला प्रतिष्ठा देतात, तर कांहीं त्याला हास्यास्पद करून सोडतात. हृदयविकार झालेल्या गृहस्थापुढें लोक आवाज खालीं आणून बोलतात. क्षयाला तर एके काळीं कादंबरीकारांनीं नायिकेचें भूषणच बनवून टाकलें होतें. पण ‘मला पित्ताचा त्रास आहे’ असें कोणीं म्हटलें, कीं ऐकणाराच्या मुखावर सहानुभूतीऐवजीं एकदम पांडित्य प्रगट होतें. मोरावळा, आमसुलाचें सार, धन्याजिऱ्याचें पाणी, सूतशेखराची मात्रा, थंड दूध, यांपैकीं एक तरी उपाय पदरांत टाकल्यावांचून निरोप घेणारा मराठी मनुष्य मला अजून भेटावयाचा आहे. अशा या अप्रतिष्ठित दुखण्यासाठीं शस्त्रक्रिया करून घ्यावी कीं काय, हा प्रश्न गेले सहा महिने माझ्यापुढें उभा आहे.

वस्तुतः या दुखण्याच्या कुळाला उणेपणा नाहीं. माधवनिदानांत अम्लपित्तावर स्वतंत्र प्रकरण असून, वर चढणारें व खालीं उतरणारें असे त्याचे भेद केलेले आहेत. माझें पित्त पहिल्या जातीचें. अन्ननलिका जेथें जठराला मिळते, तेथें स्नायूंचें एक कडें असतें. घास उतरतांना तें उघडतें व मग मिटतें. माझा हा द्वारपाल ढिला पडला आहे, आणि जठराचा थोडा भागही श्वासपटलाच्या छिद्रांतून वर छातींत सरकला आहे. बारा वर्षें मीं वेळ न चुकवितां गोळ्या घेतल्या. ओमेप्राझोल व त्याच्या भावंडांचा मी ऋणी आहें. त्यांनीं जळजळ पुष्कळ शमविली. परंतु गोळी आम्ल कमी करते, दार दुरुस्त करीत नाहीं. पाण्याची तीक्ष्णता गेली; पाण्याचें वर येणें राहिलें. पलंगाचे उशाकडील पाय विटांवर चढले, रात्रीचें जेवण सातांवर आलें, आणि सकाळच्या पहिल्या तासाला माझा आवाज असा बसूं लागला, कीं शेवटच्या बांकावरील मुलांना लिअर राजा आणि त्याचा विदूषक हे दोघेही सारखेच घोगरे ऐकूं येऊं लागले. ज्याची सारी मिळकत घशांत आहे, त्याला ही गोष्ट थट्टेवारी नेतां येत नाहीं.

या दाराच्या दुरुस्तीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. रुडॉल्फ निस्सेन हा ज्यू कुळांतील जर्मन शल्यवैद्य १९३३ सालीं नाझी राजवट आल्यावर देश सोडून इस्तंबूलला गेला. तेथें एका रुग्णाच्या अन्ननलिकेचा खालचा भाग काढल्यावर, शिवण सुरक्षित राहावी म्हणून त्यानें जठराचा वरचा भाग तिच्याभोंवतीं गुंडाळला. पुढें त्याला आढळलें, कीं त्या रुग्णाची जळजळही नाहींशी झाली आहे. १९५५ सालीं बाझेल येथें त्यानें तीच युक्ति मुद्दाम योजिली. आपलेंच जठर आपल्याच अन्ननलिकेला उपरण्यासारखें लपेटावयाचें, एवढाच तिचा मथितार्थ. १९९१ पासून हें काम पोटाला लहान छिद्रें पाडून दुर्बिणीच्या साह्यानें होऊं लागलें. याच निस्सेननें १९४८ सालीं आइन्स्टाइनच्या पोटांतील फुगलेल्या रोहिणीवर शस्त्रक्रिया केली होती. १९५५ च्या एप्रिलांत ती रोहिणी फुटली, तेव्हां आइन्स्टाइननें पुन्हां सुरी लावून घेण्याचें नाकारलें व शांतपणें मरण पत्करलें. प्राध्यापकी पेशाच्या मनुष्याला असा नकार मोहक वाटतो. परंतु नकाराला भव्यता येण्यासाठीं पलीकडे मृत्यु उभा असावा लागतो. माझ्या पलीकडे केवळ आंबट पाणी उभें होतें.

खरी अडचण येथेंच आहे. आंत्रपुच्छ सुजलें म्हणजे रोगच निर्णय घेतो. आपण फक्त सही करावयाची. येथें मात्र सुरी सभ्य पाहुण्यासारखी उंबऱ्याबाहेर थांबलेली आहे. ‘या’ म्हटल्यावांचून ती आंत येणार नाहीं. जी गोष्ट टाळतां येते, ती पत्करणें हेंच सर्वांत जड. कोणाचा तरी हुकूम असता तर बरें झालें असतें, असें स्वातंत्र्यावर निबंध लिहावयास सांगणाऱ्या मलाही वाटून गेलें.

मग मी आंकड्यांकडे वळलों. स्वीडनमध्यें शस्त्रक्रिया झालेल्या २,६५५ रुग्णांचा वृत्तांत २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील शेंकडा सुमारे १८ जणांचें दुखणें परत आलें. २०१९ सालीं अमेरिकेंतील एका अभ्यासांत, गोळ्यांनीं छातींतील जळजळ थांबत नाहीं अशा ३६६ लोकांची छाननी झाली. त्यांपैकीं ४२ जणांना तीच गोळी रीतसर घेतांच आराम पडला, ९९ जणांची जळजळ मुळीं आम्लाची नव्हती, आणि गळतां गळतां खऱ्या चांचणीला उरले अवघे ७८. या उरलेल्यांत मात्र शस्त्रक्रियेनें शेंकडा ६७ जणांना गुण आला. औषधें बदलून व वाढवून पाहिलेल्यांत तो शेंकडा २८ जणांनाच आला. म्हणजे ‘शस्त्रक्रिया चांगली कीं वाईट?’ यापेक्षां ‘ती कोणाला?’ हा प्रश्न शहाणपणाचा. म्हणून नाकांतून नळी घालून चोवीस तास वावरण्याची परीक्षाही मीं दिली, आणि तींत उत्तम रीतीनें उत्तीर्ण झालों: माझें दुखणें निःसंशय खरें ठरलें.

तरीही मन अडलें तें एका क्षुल्लक गोष्टीपाशीं. शल्यवैद्यांनीं मोकळेपणानें सांगितलें, कीं आरंभीं घास अडखळेल, पोटांत वायु धरेल, आणि कदाचित् पूर्वीसारखा ढेकर देतां येणार नाहीं. वाचकांनीं हंसूं नये. आपल्याकडे ढेकर हा केवळ वायु नव्हे. तें यजमानाला दिलेलें प्रशस्तिपत्र आहे. ज्या समाजांत तृप्तीला दुसरें सर्वमान्य चिन्ह नाहीं, त्यांत मुक्यानें पानावरून उठणें म्हणजे कृतघ्नपणाच. मीं ही शंका घरांत बोलून दाखविली, तेव्हां आमच्या सौभाग्यवती तांदूळ निवडतां निवडतां म्हणाल्या, “अहो, जाणाऱ्या ढेकराचें एवढें दुःख करतां, पण पोटभर जेवून तुम्ही पंगतींतून उठलांत कधीं? शकूच्या लग्नांतसुद्धां दोन घास ताकभात खाऊन उठलांत.”

साऱ्या आंकड्यांना जें साधलें नव्हतें, तें या वाक्यानें साधलें. मी गमावणार होतों तें सुख माझ्यापाशीं उरलेंच नव्हतें; त्याच्या केवळ हक्काचा कागद मी जपून ठेवीत होतों. तराजू मग स्वच्छ दिसूं लागला. एका पारड्यांत माहितीचें आणि दरवर्षीं वाढणारें उणें. दुसऱ्यांत अनोळखी, पण बहुधा लहान उणें. दुखणें परत आलेल्यांच्या पंगतीला मी बसलोंच, तर गोळ्यांची बाटली फळीवरून कोठें जात नाहीं. शिवाय जी जखम पंचावन्नाव्या वर्षीं लवकर भरते, ती सत्तराव्या वर्षीं भरेलच असें नाहीं.

परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या, कीं मे महिन्याच्या सुटींत दिवस ठरला आहे. जठराचा वळसा पूर्ण न घेतां दोनशें सत्तर अंशांचा घेण्याचीही एक पद्धत आहे. तींत वायूचा कोंडमारा कमी होतो. माझ्या बाबतींत तीच योजावयाचें शल्यवैद्यांनीं मान्य केलें आहे. उरलेले नव्वद अंश यजमानांच्या समाधानासाठीं मोकळे राहतील.